गाळणीचे भोक केवढे असावे?

जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात अनेक गावे टँकरवर अवलंबून होती. टँकरचे पाणी भरताना हंड्याच्या तोंडावर फडके बांधायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. वर्गात विचारले, तर मुले सांगतात, "गाळले म्हणजे शुद्ध झाले." हे कितपत खरे आहे?

अगदीच खोटे नाही. बांगलादेशात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले. घडीतली भोके सुमारे २० मायक्रॉनची होती (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. ते जीव कापडात अडकले, म्हणून जंतूही अडकले. सुटे जंतू मात्र पार निघून जातात.

का, ते पाहण्यासाठी सगळे ४,००० पट मोठे करू. १ मायक्रॉनचा जंतू आता ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. कापडाचे भोक ८ सेंटिमीटरचे, म्हणजे तांब्याच्या तोंडाएवढे झाले! आणि १५ मायक्रॉन जाडीचा कापसाचा तंतू? तो ६ सेंटिमीटर जाड, मनगटाएवढा. मनगटाएवढ्या दोरांचे जाळे करून ज्वारीचे दाणे अडवायचे, तर सगळी जागा दोरच खाणार. पाण्याला वाट उरणार नाही. त्यासाठी हवी सुतळीहूनही बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखी वस्तू. म्हणजे प्रत्यक्षात ०.२ मायक्रॉनचा तंतू. हाच नॅनोतंतू.

तो चरख्यावर निघत नाही. सेल्युलोज अ‍ॅसिटेटसारखा पदार्थ (तो कापसापासूनही बनतो) द्रावकात विरघळवून सुईतून हळूहळू सोडतात. सुई आणि समोरचा पत्रा यांच्यात दहा-वीस हजार व्होल्टचा दाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब ओढला जाऊन शंकूसारखा होतो. त्याच्या टोकातून बारीक धार सुटते, चाबकासारखी फिरत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर तंतूंचा थर साचतो. अशा विद्युत-कताईचे एक पेटंट अँटन फॉर्महाल्स यांना १९३४ साली मिळाले होते. (हा प्रयोग शाळेत मुळीच करू नये.)

आता खरी अडचण. भोक २० ऐवजी ०.४ मायक्रॉनचे केले, म्हणजे ५० पट लहान. थराची जाडी आणि मोकळी जागा तेवढीच ठेवली, तर प्रवाह भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे २,५०० पट. कापडातून ५ सेकंदांत भरणाऱ्या पेल्याला १२,५०० सेकंद, जवळजवळ साडेतीन तास लागतील! मुले तोवर थांबतील का?

उपाय दोन. थर १० पट पातळ करायचा आणि आधाराला मजबूत कापड लावायचे. शिवाय चुण्या घालून क्षेत्रफळ १० पट वाढवायचे. मिळून १०० पट फायदा, म्हणजे पेला सुमारे दोन मिनिटांत. हिशेब ढोबळ आहे. पण गाळणीची रचना ठरते ती अशाच हिशेबाने.

गढूळ पाणी थेट ओतले, तर ही भोके लगेच बुजतात. म्हणून आधी तुरटी फिरवून निवळणे, मग फडके आणि शेवटी नॅनोतंतू. थर एका जागी फाटला, तर सगळी मेहनत वाया. कावीळ 'अ'चा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा, तो अडत नाही. विरघळलेले फ्लोराइड किंवा नायट्रेटही अडत नाही. गाळलेल्या पाण्यात कोणी हात बुडवला, तर जंतू पुन्हा येतात. तेव्हा क्लोरीन आणि दांड्याचे ओगराळे यांना सुट्टी नाही.

वर्गात एवढे करून पाहा. एकाच फडक्याच्या १, २, ४ आणि ८ घड्यांतून मातकट पाणी गाळा. पेला भरायला लागणारा वेळ मोजा. मग प्रत्येक पेल्यातले पाणी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवा. ही सोपी चाचणी ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ साली मांडली. पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संभव मोठा. आठ घड्यांतून गाळलेले नितळ पाणीही काळे पडले, तर मुलांना निराळे सांगावे लागणार नाही: नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे.