डिस्क कोरी होते म्हणजे काय?

‘डिस्क फॉरमॅट करता आली नाही’ एवढे सांगून संगणक गप्प बसतो आणि सीडी-आरडब्ल्यू कचऱ्याच्या डब्यात जाते. निकाल झटपट लागतो खरा, पण शिक्षा बहुधा चुकीच्या आरोपीला होते. या गैरसमजाच्या मुळाशी पाटीची सोयीस्कर उपमा आहे. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. पाटीला कोणतीही पेन्सिल चालते, कोणतेही फडके चालते आणि तिच्यावरचे अक्षर ओळखणारा कोणीही ते वाचू शकतो. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कला यातले काहीच लागू नाही. ही डिस्क तापवून लिहायची आणि तापवूनच पुसायची असते, आणि घरी डोके पिकवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या एका गोष्टीतून उलगडतात.

सीडी-आरडब्ल्यूच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. लेझरने तो पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की वितळतो. मग इतक्या झपाट्याने गार होतो की अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही आणि तिथे विस्कळीत, कमी चमकणारा ठिपका उरतो. हे झाले लिहिणे. पुसताना लेझरची ताकद कमी ठेवतात. थर वितळत नाही, सुमारे दोनशे अंशांवर नुसता ऊबदार राहतो (ऊबदार हा शब्द अणूंच्या हिशेबाने!) आणि अणू पुन्हा शिस्तीत, म्हणजे स्फटिकरूपात, बसतात. अशा पदार्थांच्या या दुहेरी स्वभावाकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील मिशिगनच्या स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या महाविद्यालयीन पदवी नसलेल्या संशोधकाने, 1968 मधल्या एका शोधनिबंधातून. तिथे खेळ विजेच्या झटक्याचा होता. प्रकाशाने तेच साधण्याचे तंत्र नंतर आले आणि सीडी-आरडब्ल्यू बाजारात यायला 1997 उजाडले.

शिस्तीत बसायला अणूंना वेळ लागतो, हा यातला कळीचा मुद्दा. चार-एक्स (म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या चौपट) वेगाने फिरणाऱ्या डिस्कवरच्या एखाद्या बिंदूवर लेझरचा झोत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही टिकत नाही. वेग वाढवायचा तर त्याहून कमी वेळात स्फटिक होणारे मिश्रण हवे. म्हणूनच साधी डिस्क एक ते चार-एक्सची, ‘हाय स्पीड’ डिस्क चार ते दहा-एक्सची आणि ‘अल्ट्रा स्पीड’ त्याहून वरची, असे वेगवेगळे प्रकार निघाले. जुना बर्नर, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, ‘हाय स्पीड’ डिस्कवर लिहीत नाही, तेव्हा ना डिस्क खराब असते ना बर्नर. त्या मिश्रणाला कशी उष्णता द्यायची हेच त्या बर्नरला ठाऊक नसते. यावर जाणकार मंडळी म्हणतील की शंका आली तर वेग सर्वांत कमी ठेवावा. एकदाच लिहायच्या सीडीवर हा सल्ला पुष्कळदा चालून जातो. इथे मात्र तो अर्धवट आहे, कारण चार-एक्सपासून सुरू होणाऱ्या डिस्कला एक-एक्सने लिहायला लावणे हेही तिच्या मर्यादेबाहेरचेच. वेष्टनावर छापलेल्या पट्ट्यातला खालचा आकडा निवडावा, शून्याजवळचा नव्हे.

आता वाचण्याची बाजू. छापील ऑडिओ सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सत्तर टक्के तरी परत पाठवते, तर सीडी-आरडब्ल्यू जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. जुन्या म्युझिक सिस्टिमला ती दिसतच नाही आणि ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात. घरच्या संगणकावर तीच डिस्क व्यवस्थित चालत असेल तर पुन्हा बर्न करून काही हाती लागणार नाही. उलट गोंधळही होतो. बर्नर डीव्हीडी छान लिहितो, मग सीडीवरच का अडतो, असा रास्त प्रश्न विचारला जातो. डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो आणि सीडीला 780 नॅनोमीटरचा अवरक्त. एक थकला म्हणून दुसरा थकलेला असतोच असे नाही. त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या बर्नरमध्ये आणि त्याच बर्नरमध्ये दुसऱ्या कंपनीची डिस्क, अशी अदलाबदल करून पाहिल्याशिवाय दोष कुणाचा हे ठरवू नये.

सगळ्यात जास्त घोळ मात्र उष्णतेचा नसून ‘फॉरमॅट’ या शब्दाचा आहे. काही सॉफ्टवेअर डिस्क कोरी करण्यालाच फॉरमॅट म्हणतात. इनसीडी किंवा डायरेक्टसीडीसारखी सॉफ्टवेअर मात्र फॉरमॅट करताना सबंध डिस्कवर यूडीएफ पद्धतीचे ठरावीक मापाचे कप्पे आखतात, म्हणजे मग फ्लॉपीसारखी फाइल ओढून टाकता येते. या कप्प्यांच्या सीमारेषाही जागा खातात. दर 39 सेक्टरांपैकी माहितीसाठी 32 उरतात, म्हणून 650 एमबीची डिस्क सुमारे 530 एमबी दाखवते. यात कुणी कुणाला फसवलेले नसते. अडचण पुढे येते. विंडोज एक्सपी अशी डिस्क वाचू शकते, पण स्वतःहून तिच्यावर लिहू शकत नाही. ओढून टाकण्याची सोय थेट विंडोजमध्ये आली ती व्हिस्टापासून. तेव्हा एका संगणकावर आखलेली डिस्क दुसऱ्यावर ‘लिहिता येत नाही’ म्हणाली, तर आधी बर्निंग सॉफ्टवेअरमधून ती पूर्ण कोरी करावी, साध्या पद्धतीने लिहावी आणि लिहिलेले पडताळून घ्यावे.

‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे. झटपट पुसणे मिनिट-दोन मिनिटांत उरकते, कारण त्यात फक्त अनुक्रमणिका जाते आणि मजकूर जागच्या जागी राहतो. अर्धवट राहिलेल्या बर्नमुळे गोंधळलेली डिस्क अशाने पुष्कळदा सुधारत नाही. पूर्ण पुसायला 74 मिनिटांच्या डिस्कला चार-एक्स वेगाने साडेअठरा मिनिटे लागतात. डिस्क हजारेक वेळाच लिहिता येते, मग पूर्ण पुसून तिचे आयुष्य कशाला घटवायचे, हा आक्षेप निघतो. रोज एकदा पुसली तरी हजार वेळा व्हायला पावणेतीन वर्षे लागतील. खरी झीज होते ती यूडीएफ डिस्कच्या एका कोपऱ्यात, जिथे फाइलींची यादी प्रत्येक बदलागणिक नव्याने लिहिली जाते. त्यासाठी या पद्धतीत राखीव सेक्टर ठेवलेले असतात. ते संपले की डिस्क खरोखरच निकामी होते, आणि तेव्हाही तिचा बाकीचा मोठा भाग जवळपास नवाच असतो. अशी डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी मात्र कात्रीने कापलेली बरी. झटपट पुसलेली असेल तर यादी गेली तरी फाइली तिथेच असतात.