आगीचा गोळा दिसला? आधी घड्याळ बघा

२ एप्रिल २०२२ च्या रात्री मध्य प्रदेशातल्या झाबुआ, बडवानीपासून विदर्भापर्यंत आकाशात जळती रांग दिसली. ‘उल्का पडली’ म्हणत व्हिडिओ फिरले. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत पडलं ते धातूचं भलंमोठं कडं. रॉकेटचे अवशेष होते ते.

फरक वेगात असतो. अग्निगोल म्हणजे शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का. ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, बहुधा काही सेकंदांतच खेळ खल्लास. रॉकेटचे तुकडे सावकाश, आडवे जातात.

गोळा दिसला की मोबाइल शोधत बसू नका, तोवर तो विझलेला असतो. नेमकी वेळ बघा. कुठे दिसला, कुठे विझला ते झाड, टाकी, छपराच्या खुणेने लक्षात ठेवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. एका गावातून फक्त दिशा कळते. बेळगावची आणि पणजीची नोंद जुळवली, की दोन रेषा मिळतात तिथे गोळ्याची उंची आणि मार्ग सापडतो. सीसीटीव्हीचं चित्रणही चालतं, घड्याळ बरोबर हवं.

आवाज उशिरा येतो, कधी दोन-दोन मिनिटांनी. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला लोक उजेड बघायला खिडकीशी गेले आणि मागाहून आलेल्या हादऱ्याने फुटलेल्या काचांनी जखमी झाले.