मायन्याचा साचा

मंगळवेढ्याचं नाव निघालं की दामाजीपंत आठवतात, आणि त्यांच्याबरोबर एक कागद. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी रयतेसाठी उघडली. मग विठ्ठलच विठू होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत मोजली आणि पावती आणली, असं आख्यान सांगतं. मला त्यातली पावती मोलाची वाटते. पैसे कुणी भरले, कुणाला पोचले, शिक्का कुठे, हे जागच्या जागी असेल तरच दरबार कागद मानतो.

ही जागा ठरवून देण्याचं काम मराठीत फार जुनं आहे. तेराव्या शतकात यादवांकडे असलेल्या हेमाडपंताच्या नावावर परंपरेनं 'मेस्तक' नावाची लेखनपद्धती सांगितली जाते. कुणाला कसा मायना, शेवट कसा, याची ती शिस्त. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, मग 'विनंती विशेष', आणि मजकूर संपला की 'लोभ असावा'. कारकुनानं फक्त मधला मजकूर नवा लिहायचा.

आज मी पत्र लिहितो ते साध्या मजकुराच्या फाइलीत, ऑर्ग-मोड या लेखन-साधनात. ठळक-तिरपं काही नाही, नुसती अक्षरं. वर चार ओळी: पाठवणारा, पत्ता, विषय, मायना. मग तो मजकूर लाटेक या पानं मांडणाऱ्या प्रणालीकडे जातो आणि कोमा-स्क्रिप्ट या संचातला 'स्क्रलेटर२' हा पत्रप्रकार त्याचं छापील पान करतो. मार्कुस कोम यांनी सांभाळलेला हा संच जर्मन पत्रव्यवहाराच्या रीतीवर उभा आहे. रूप मजकुरात नसतं, ते 'एलसीओ' नावाच्या वेगळ्या फाइलीत असतं. जर्मन, स्विस, फ्रेंच, अमेरिकी, अगदी जपानी पद्धतीच्याही एलसीओ तयार मिळतात. ऑर्गचा निर्यातक तर काहीच सांगितलं नाही तर फ्रेंच फाइल धरतो. मराठीची मात्र संचात नाही. ती आपणच लिहायची.

मी सुरुवात 'श्री'पासून केली आणि तिथेच अडलो. पानाच्या डोक्याला 'फर्स्टहेड' म्हणतात. त्यात 'श्री' भरला की तिथला माझा नावपत्ता गायब होतो, कारण भरलेला मजकूर आधीच्या सगळ्याची जागा घेतो. मग त्याच चौकटीत मधोमध 'श्री' आणि खाली उजवीकडे 'मंगळवेढा, ४१३३०५' असं दोन्ही लिहावं लागलं. घडीच्या खुणा आणि खिडकीच्या पाकिटासाठीचा पत्ता काढून टाकला. आपली पाकिटं बिनखिडकीची. सही मूळ साच्यात डावीकडे येते. 'सिगइंडेंट' हे माप वाढवलं की ती उजवीकडे सरकते, 'आपला नम्र'खाली, जिथे आपले डोळे तिला शोधतात. 'विषय' ही खूण साच्यातल्या विषयाच्या चलाचं (व्हेरिएबलचं) नाव बदलून घालता येते. विषय मायन्याच्या आधी येतो. इथे जर्मन आणि मराठी रीत आयतीच जुळली.

फाँटचं सांगायलाच हवं. लाटेकच्या झीलाटेक या प्रकारात फाँट निवडताना लिपी देवनागरी आहे असं स्पष्ट लिहिलं नाही तर जोडाक्षरं फुटतात, आणि 'विठ्ठल'मधला ठ्ठ दोन तुकड्यांत उभा राहतो. पंढरपूर शेजारी असलेल्या गावातून असं पत्र कसं जाईल?

आता माझ्याकडे दोन एलसीओ आहेत, एक कचेरीची, एक घरची. मायना मात्र मी त्यांत कोंबला नाही. तो प्रत्येक पत्राच्या वरच्या ओळीत हातानं लिहितो, कारण तीर्थरूप कोण आणि चिरंजीव कोण हे फाइलीला कळत नाही. परवा मोठ्या आत्याला लिहिताना तिथे 'ती. सौ. आत्यास, शि. सा. नमस्कार' लिहिलं, बाकी पान आपोआप बसलं.