रक्तपेशींना वयात आणणारे औषध

हिरड्यांतून येणारे रक्त थांबत नाही, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उमटतात, सोबत ताप किंवा थकवा असतो. अशी लक्षणे डेंग्यूतही दिसतात. पण कधीकधी त्यामागे रक्ताचा एक विशिष्ट कर्करोग असतो. त्याचे नाव अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात 'एपीएल'. एकेकाळी काही दिवसांत जीव घेणारा हा आजार आज बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. तोही रोगट पेशींना मोठे व्हायला लावून!

आपल्या अस्थिमज्जेत रोज अब्जावधी रक्तपेशी तयार होतात. पांढरी पेशी जन्मतःच कामाची नसते, ती टप्प्याटप्प्याने प्रौढ होते. कोणत्या टप्प्यावर कोणती जनुके चालू करायची, हे नियामक प्रथिने ठरवतात. 'आरएआर-अल्फा' हे त्यांपैकीच एक. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे रेटिनोइक आम्ल त्याला येऊन चिकटले की पेशीला प्रौढ करणारी जनुके सुरू होतात.

एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात बदलतात. शिकागोच्या जेनेट राउली यांच्या गटाने १९७७ मध्ये ही अदलाबदल दाखवून दिली. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, तो पुढे कधीतरी मज्जेतल्या एखाद्या पेशीत घडतो. त्यामुळे आरएआर-अल्फा 'पीएमएल' या दुसऱ्या प्रथिनाला जोडले जाते. हे जोडप्रथिन नेहमीच्या प्रमाणातल्या आम्लाला दाद देत नाही. पेशी अर्धवट वयातच अडकतात, त्यांची गर्दी होते आणि त्यांच्यातील द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते.

गंमत अशी, की उपाय आधी सापडला आणि कारण नंतर. शांघायचे डॉ. वांग झेनयी यांनी रुग्णांना रेटिनोइक आम्लाचाच एक प्रकार, 'अॅट्रा', मोठ्या मात्रेत दिला. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या २३ जणांचा आजार केवळ या औषधाने आटोक्यात आला होता. दोनच वर्षांत आरएआर-अल्फाचा दोष उघड झाला. मोठी मात्रा अडलेले कुलूप उघडते, हे त्यानंतर कळले.

दुसरे औषध चीनमधल्याच हार्बिन शहरातून आले. ते म्हणजे आर्सेनिक, आपला सोमल! शुद्ध स्वरूपात, मोजून दिल्यास ते जोडप्रथिन नष्ट करते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ७२ रुग्णांवर केवळ आर्सेनिक वापरून मिळवलेले उत्तम निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये इटली-जर्मनीतील चाचणीत कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांना दोन्ही औषधे एकत्र दिली गेली. त्यांतले ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही आजार न उलटता जिवंत होते.

मग अजूनही मृत्यू का होतात? बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावाने, विशेषतः मेंदूतल्या. म्हणूनच एपीएलची शंका येताच जनुकीय अहवालाची वाट न पाहता अॅट्रा सुरू करावे, असे जगभरच्या तज्ज्ञांचे मत आहे. ही दोन्ही औषधे रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यावी लागतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा सोमलयुक्त घरगुती औषधे हा त्यांना पर्याय नाही. विनाकारण रक्त येत असेल, डाग पडत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्या. या आजारात एका दिवसाचा उशीरही महाग पडतो.