बाळाच्या वजनाची रेघ

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, हे खरे. परंतु मांडीवरच्या मुलाची वाढ मात्र प्रत्यक्ष आईलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. रोज पाहणाऱ्या नजरेला रोजचा फरक कळत नसतो. सहा महिन्यांनी दिवाळीला आलेली आत्या उंबरठ्यावरूनच ‘केवढा झाला ग!’ म्हणते, किंवा काही न बोलता मुलाच्या दंडावरून हात फिरवते, तेव्हा कोठे घरच्यांच्या ध्यानात येते की, काहीतरी बदलले आहे. पण आत्या वर्षातून एकदोनदाच येते. मुलाचे दुखणे काही तिची वाट पाहत थांबत नाही. ही परक्याची नजर दर महिन्याला घरात हजर ठेवणारा एक साधा कागद आहे. तो म्हणजे अंगणवाडीतला वाढीचा तक्ता. आकडे चित्ररूपाने कसे मांडावेत, याविषयी जे शिकण्यासारखे आहे, ते बहुतेक सारे या एका कागदात सापडते, असे आम्हांला वाटते.

या तक्त्याचा उगम शोधू गेल्यास आपण आफ्रिकेत पोहोचतो. डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० नंतरच्या दशकात पश्चिम नायजेरियातील इमेसी-इले या खेड्यात काम करीत होते. मुले दगावत ती पुष्कळदा एकाएकी नव्हे, तर महिनोन्‌महिने खंगून. आणि दवाखान्यात येत तेव्हा फार उशीर झालेला असे. मॉर्ले यांनी जो तक्ता घडविला, त्यात दोन वाकलेल्या रेघांमध्ये एक पट्टा होता. त्याला त्यांनी ‘आरोग्याचा रस्ता’ म्हटले. मुलाच्या वजनाची रेघ या रस्त्याने वर चढत राहिली पाहिजे, एवढेच आईने पाहायचे.

या कागदातील खरी हुशारी त्याच्या बारीकसारीक तपशिलांत आहे. ज्या आईला मुलाचे वय महिन्यांत मोजून सांगता येत नाही, तिच्यासाठी तळाशी महिन्यांचे चौकोन आखले होते. जन्माचा महिना पहिल्या, ठळक चौकोनात लिहायचा आणि पुढचे महिने ओळीने भरत जायचे, म्हणजे वयाचा हिशेब आपोआप होतो. तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हाती देत. कारण मुलाला काय भरवायचे, हे कपाट ठरवत नाही, आई ठरवते.

आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्याबरोबर अंगणवाडी आली. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २००६ मध्ये बालकांच्या वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. त्यांसाठी ज्या सहा देशांतील मुलांची मोजमापे घेतली, त्यांत भारतही होता. आपल्याकडील मुले दिल्लीची होती. पुढे ही मानके आपल्या अंगणवाड्यांनी स्वीकारली. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे झाले आणि त्यांवर तीन रंगांचे पट्टे आले : हिरवा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, नारिंगी म्हणजे फारच कमी.

रंगांमुळे तक्ता वाचणे सोपे झाले, यात शंका नाही. परंतु सोपेपणाची एक किंमत असते. समजा, एका मुलाचे वजन सहाव्या महिन्यात साडेसात किलो भरले. सातव्यात थोडे वाढून ते ७.६ झाले. आठव्यात ७.६, नवव्यातही ७.६. हे चारही ठिपके हिरव्याच पट्ट्यात पडतात. ‘हिरवा आहे ना? मग काळजी नको,’ असे म्हणून तक्ता मिटला, तर त्यातला मुख्य निरोप वाचायचा राहिलाच. ही रेघ आडवी झाली आहे. निरोगी मुलाचे जन्माचे वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट होते; या वयात थांबणे म्हणजे मागे पडणे. तेच ७.६ किलो पहिल्या वाढदिवसापर्यंत कायम राहिले, तर मुलगा काहीही न गमावता पिवळ्या पट्ट्यात उतरतो, कारण पट्टे वर चढत असतात आणि तो जागच्या जागी असतो. रंग आज मूल कोठे आहे ते सांगतो, तर रेघेचा कल ते कोणीकडे चालले आहे ते सांगतो. वरचे अन्न सुरू करण्यात हयगय झाली काय, जुलाबाने मूल खंगले काय, हे प्रश्न रेघ आडवी झाली त्याच महिन्यात विचारायचे असतात. रंग बदलेपर्यंत थांबायचे नसते.

म्हणून आकड्यांचे चित्र काढणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा : हे पाहणार कोण, आणि पाहून त्याने करायचे काय? १८५८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंचे चित्र प्रसिद्ध केले. वर्तुळाभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे तांबडे, इतर काळे. निळ्या रंगाने बाकीचे सारे झाकोळून टाकले होते. शत्रूपेक्षा घाण आणि रोगच अधिक शिपाई मारीत आहेत, हे मंत्र्यांना आकड्यांच्या रकान्यांतून जे उमगले नसते, ते पाकळ्यांनी सांगितले. आधीच्या एका आकृतीत मृत्यूंची संख्या मध्यापासूनच्या लांबीने दाखविली होती. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळा फसतो, म्हणून नंतरच्या आकृतीत क्षेत्रफळच प्रमाणात ठेवले. पटवून देण्याची घाई असतानाही डोळ्याला फसवायचे नाही, हा त्यातला धडा. तरीही ही पाकळ्यांची आकृती अंगणवाडीच्या ओट्यावर निरुपयोगी ठरेल. मंत्र्याला एकदा हलवायचे होते. आईला मात्र दर महिन्याला, मागच्या ठिपक्याशी आजचा ठिपका जोडून, घरी जाऊन काय करायचे ते ठरवायचे असते. त्या कामाला चढती रेघच हवी.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना याची आणखी एक बाजू कळेल. तक्त्यावरील मजकूर बहुधा त्या त्या राज्याच्या भाषेत असतो. बोलण्यापुरती कन्नड किंवा तेलुगू येणारी, पण ती लिपी न वाचणारी मराठी आई आपल्यात आहे. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनांची तर सुरुवातीची काही वर्षे अशीच जातात. वर गेलेली रेघ मात्र कोणत्याही लिपीत वरच जाते. तरीही रेघ स्वतः बोलत नाही. तिच्यावर बोट ठेवून ‘बाई, हे बघा, दोन महिने झाले, वजन वाढले नाही,’ असे आईला समजेल अशा बोलीत सांगणारे माणूस लागतेच.

२०२१ पासून अंगणवाडी सेविकेच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ आला आहे. वजनाची नोंद मोबाइलमध्ये होते आणि वरच्या कचेरीला ताबडतोब दिसते. ही सोय मोठीच आहे. परंतु जी नोंद राजधानीत दिसते आणि चुलीपाशी दिसत नाही, तिचा त्या मुलाला कितीसा उपयोग? वजन झाल्यावर ‘आमच्या कार्डावरही ठिपका द्या,’ असे आईने, आजीने, बापाने आवर्जून म्हणावे. तो मागच्या ठिपक्याला जोडून पाहावा. वजन केल्याने दृष्ट लागते, अशी धास्ती काही घरांत अजून आहे. तेथे आजीने मुलाला खुशाल तीट लावावी, पण काट्यावर अवश्य बसवावे.

आणि ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांना आमची एक सूचना. आलेखाच्या धड्यात मुले क्ष-अक्ष आणि य-अक्ष बिनचूक आखतात. पण ‘ही रेघ काय म्हणते?’ असे विचारताच गप्प होतात. त्यांच्या हाती घरातल्या धाकट्या भावंडाचे कार्ड द्यावे. रेघ कोठे चढली, कोठे थांबली, त्या महिन्यात घरात काय झाले होते, हे त्यांनी आजीला विचारून ठिपक्याशेजारी लिहावे : ‘ताप आला’, ‘भरड सुरू केली’, ‘आजोळी गेला’. असे कार्ड पुढल्या महिन्यात अंगणवाडीत नेले, तर सेविकेलाही ते पाहून अधिक नेमके काही सांगता येईल.