वृद्धाचा ‘मी’ आणि यंत्राचा ‘मी’ : परिचर्याशिक्षणातील आभासी वास्तवाचा निवेदनदृष्ट्या विचार

परिचर्याशिक्षण, म्हणजेच नर्सिंगचे शिक्षण, हा विषय प्रथमदर्शनी साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटतो. तथापि, वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परिचारिका घडविताना जी साधने आज वापरली जातात, ती पाहिली असता साहित्यविचाराला परिचित असलेले प्रश्नच तेथे नव्या वेषात उभे असल्याचे आढळते. कथा कोणी सांगावी? ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा? दुसऱ्याच्या दुःखाशी तादात्म्य पावणे म्हणजे ते दुःख जाणणे होय काय? परिचर्येच्या वर्गात या प्रश्नांच्या उत्तरांवर रुग्णशय्येवरील एखाद्या वृद्धेला मिळणारी वागणूक अवलंबून असते. म्हणून त्यांचे मोल केवळ सैद्धान्तिक नाही.

अनुकरणात्मक शिक्षणाची, म्हणजे सिम्युलेशनची, परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्याविद्यालयासाठी बाहुल्या बनविणाऱ्या मार्था चेस यांनी १९११ मध्ये पूर्ण मानवी आकाराची बाहुली तयार केली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती ओळखली जाई. रुग्णाला कूस बदलून देणे, कपडे घालणे, अंथरूण आवरणे हे विद्यार्थिनी तिच्यावर शिकत. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वसनाच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ हा पुतळा घडविला आणि त्याला ‘सेन नदीतील अनामिका’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा चेहरा दिला. याच मुखवट्याचा उल्लेख रिल्केच्या १९१० मधील ‘माल्टे लाउरिड्स ब्रिगे’ या कादंबरीत येतो. ही अनामिका कोण होती हे निश्चित नसल्यामुळे तिच्याभोवती आख्यायिका रचल्या गेल्या. शरीर होते, परंतु चरित्र नव्हते, आणि ती उणीव कल्पनेने भरून काढली. बाहुलीवर शिकणाऱ्या विद्यार्थिनीपुढेही हीच उणीव होती. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी प्रशिक्षित व्यक्तीला रुग्णाची भूमिका देऊन वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे उभे केले, तेव्हा बाहुलीच्या जागी बोलणारे पात्र आले आणि शिक्षणाला नाट्याचे रूप लाभले.

या पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी आज फारशी शंका उरलेली नाही. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९१४ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २०१४ मध्ये, प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात १० शिक्षणसंस्थांतील ६६६ विद्यार्थ्यांची तुलना होती. रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभवाच्या निम्म्या तासांपर्यंतची जागा अनुकरणप्रयोगांना दिली तरी ज्ञान व कौशल्य यांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र त्यासाठी प्रशिक्षित अध्यापक आणि प्रयोगानंतरची नियोजनबद्ध चर्चा आवश्यक होती. प्रयोग खरा नाही हे ठाऊक असूनही तो खरा मानून वागण्याचा एक अलिखित करार शिक्षक व विद्यार्थी यांच्यात होतो. नाटकाच्या प्रेक्षकाला हा करार नवा नाही.

आभासी वास्तवाने या कराराचे एक कलम बदलले. विद्यार्थी आता वृद्ध व्यक्तीसमोर उभा राहत नाही, तर डोळ्यांवर यंत्र चढवून वृद्ध व्यक्तीच्याच जागी बसतो. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरी शॉ आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘वुई आर अ‍ॅल्फ्रेड’ हा सुमारे सात मिनिटांचा प्रयोग याचे ठळक उदाहरण होय. शॉ यांनी स्वतःच्या आजारी आईची शुश्रूषा केली होती आणि पुढे २०१६ मध्ये ‘एम्बॉडीड लॅब्ज’ ही संस्था स्थापन केली. अ‍ॅल्फ्रेड ७४ वर्षांचा आहे. दृष्टिपटलाच्या विकारामुळे त्याच्या दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग आहे आणि त्याला कमी ऐकू येते. ज्याच्याकडे पाहावे त्याचाच चेहरा डागाआड जातो, बोलणे अस्पष्ट गुरगुरण्यासारखे कानी पडते. ऐकू न येणे आणि न समजणे यांची गल्लत किती सहज होऊ शकते, हे विद्यार्थ्याला व्याख्यानापेक्षा येथे लवकर पटते. या साधनाचे हे खरे सामर्थ्य आहे.

परंतु निवेदनाच्या अंगाने पाहता येथे एक गंभीर अडचण उद्भवते. यंत्रातील ‘मी’ला शरीर आहे, भूतकाळ नाही. प्रत्यक्षातील वृद्धाची दृष्टी बहुधा क्रमाक्रमाने मंदावलेली असते. त्या काळात त्याने भांडी कोठे ठेवावीत, जिना कसा उतरावा, पावलांवरून माणूस कसा ओळखावा याच्या शेकडो युक्त्या आत्मसात केलेल्या असतात. विद्यार्थ्याला मात्र त्या हानीचा पहिला क्षण तेवढा मिळतो. वार्धक्य हा काळाचा अनुभव आहे, आणि सात मिनिटांत नेमका काळच वगळला जातो. एरिएल सिल्व्हरमन व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील संशोधनाने या शंकेला आधार दिला. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा ‘अनुभव’ घेतलेल्यांनी अंध व्यक्तींची स्वतंत्रपणे जगण्याची व काम करण्याची क्षमता कमी लेखली.  परिचारिकेच्या बाबतीत याचा परिणाम उघड आहे. ज्याची कीव येते, त्याला विचारल्यावाचूनच त्याच्यासंबंधीचे निर्णय घेतले जातात.

याच्या तुलनेत अमेरिकेतील ‘नॅशनल लीग फॉर नर्सिंग’ने वृद्धशुश्रूषेसाठी रचलेल्या उलगडत जाणाऱ्या रुग्णकथा तांत्रिकदृष्ट्या साध्या आहेत. मिली लार्सन ही ८४ वर्षांची विधवा एकटी राहते. आरंभी तिचे आत्मनिवेदन ऐकू येते. दिवंगत पती हॅरोल्ड, मांजर, घर, आणि या घराविषयी मुलीशी असलेला मतभेद हे सारे त्यात येते. त्यानंतर ती मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे भ्रमिष्टावस्थेत रुग्णालयात येते आणि अनुकरणप्रयोग सुरू होतो. शेवटी विद्यार्थ्यांना ही कथा स्वतः पूर्ण करावयाची असते. येथे ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मिलीकडेच राहतो, विद्यार्थी श्रोता असतो. शय्येवरील गोंधळलेली स्त्री कालपर्यंत कोण होती हे त्याने आधी ऐकलेले असल्यामुळे हा गोंधळ म्हणजेच ‘वार्धक्य’ असा समज होण्यास वाव राहत नाही.

हा भेद भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमकेपणे मांडता येतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील विघ्नांची जी गणना केली आहे, तीत भाव केवळ ‘स्वतःचा’ अथवा केवळ ‘परक्याचा’ मानणे हे एक विघ्न आहे, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. यंत्रातील अंधाराने घाबरलेला विद्यार्थी या दुसऱ्या विघ्नात सापडतो. तो अ‍ॅल्फ्रेडचे दुःख जाणत नाही, स्वतःच्या भीतीत गुंततो. प्रयोगोत्तर चर्चेचे कार्य त्याला या भीतीतून सोडविण्याचे, म्हणजे एका अर्थी साधारणीकरणाचेच असते. साम्य येथे संपते. सहृदयाला रसास्वादात विश्रांती लाभते, परिचारिकेला मात्र पुढच्याच क्षणी कृती करावयाची असते आणि तिच्यापुढचा वृद्ध हा साधारणीकृत विभाव नसून नाव, गाव व हट्ट असलेला विशिष्ट माणूस असतो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात अनुकरणात्मक शिक्षणाला स्थान मिळाले आहे. त्यामुळे हा प्रश्न येथील वर्गांतही येऊन ठेपला आहे. यंत्र आयात करता येते, मिली लार्सन आयात करता येत नाही. ती इंग्रजीत ‘यू’ या एकाच सर्वनामाने संबोधिली जाते. मराठीत तिचा अनुवाद होताच ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हा निर्णय करावा लागतो. ‘आजी’ या संबोधनाला जोडून आलेला ‘तू’ घरात मायेचा असतो, रुग्णालयात तोच वृद्धेला लहान मूल ठरवू शकतो. दिल्लीच्या रुग्णालयात मल्याळीभाषक परिचारिका मराठीभाषक वृद्धेशी हिंदीत बोलते, तेव्हा हा निर्णय तीन भाषांच्या मधोमध होतो. एकटे राहणे हेही कोठे स्वातंत्र्याची खूण ठरते, तर कोठे मुलांनी टाकल्याची. म्हणून भारतीय वर्गासाठी रुग्णकथा नव्याने लिहाव्या लागतील, आणि त्या वृद्धांना विचारूनच लिहाव्या लागतील.

आभासी वास्तव त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. अ‍ॅल्फ्रेडचा काळा डाग एकदा पाहिलेला विद्यार्थी पुढे रुग्णाशी बोलताना बाजूने, उजेडात आणि सावकाश बोलेल, हा लाभ लहान नाही. मात्र यंत्राने दिलेला ‘मी’ हा वृद्धाच्या ‘मी’चा पर्याय नव्हे. यंत्र उतरवून ठेवल्यावर विद्यार्थ्याने शय्येजवळ बसून ‘तुम्ही हे कसे निभावता?’ असे विचारले, तरच त्या सात मिनिटांचे सार्थक होईल.