दूर ढकलणाऱ्या प्रभारांची ऊर्जा

समान प्रभाराचे दोन कण एकमेकांना दूर ढकलतात. ढकलणारे हे बल अंतराप्रमाणे सतत बदलते. अंतर दुप्पट झाले की ते चौथाई उरते. त्यामुळे जवळ धरलेले दोन कण सोडून दिल्यावर शेवटी किती वेगाने पळतील, हे न्यूटनच्या नियमांनी काढायचे तर क्षणोक्षणी बदलणारे बल आणि त्वरण यांचा पाठलाग करावा लागतो. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला मधल्या प्रवासाशी देणेघेणे नसते. गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज सुरुवातीला जितकी, तितकीच शेवटी, एवढेच तो सांगतो.

दोन प्रभारांची स्थितिज ऊर्जा काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही प्रभार प्रोटॉनच्या प्रभाराच्या पटीत घ्यावेत, त्यांच्या गुणाकाराला 1.44 ने गुणावे आणि फेम्टोमीटरमधील अंतराने भागावे. ऊर्जा एमईव्हीमध्ये मिळते. फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. दहा लाख व्होल्टचा फरक ओलांडताना एका प्रोटॉनला मिळते ती ऊर्जा 1 एमईव्ही, म्हणजे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट.

या रीतीने अणूची अंतर्रचनाच उघड झाली. मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी अल्फा कणांचा मारा धातूच्या पातळ पत्र्यांवर केला, तेव्हा काही थोडे कण चक्क मागे फिरल्याचे 1909 मध्ये दिसून आले. समोरासमोर येणारा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकाजवळ क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याची सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झालेली असते. अल्फाचा प्रभार 2, सोन्याचा 79 आणि कणाची ऊर्जा 7.7 एमईव्ही धरली, तर थांबण्याचे अंतर सुमारे 30 फेम्टोमीटर येते. सोन्याच्या अणूची त्रिज्या मात्र 1 लाख 40 हजार फेम्टोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे अणूतला सगळा धन प्रभार त्याच्या मध्याशी अतिशय लहान जागेत एकवटलेला असला पाहिजे. रदरफर्डने 1911 च्या लेखात केंद्राचा प्रभार 100 धरून हे अंतर 34 फेम्टोमीटर काढले होते. सोन्याचा नेमका प्रभार हाती नसतानाही निष्कर्ष अचूक ठरला, हे या पद्धतीचे बळ.

दोन्ही कण हलायला मोकळे असले की एकटी ऊर्जा पुरत नाही, संवेग अक्षय्यतेचा नियमही जोडीला घ्यावा लागतो. स्थिर अवस्थेतून सुटलेल्या कणांचे संवेग समान आणि विरुद्ध दिशेचे राहतात, म्हणून ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. प्रोटॉन आणि त्याच्या चौपट जड अल्फा कण सोडले, तर चार पंचमांश ऊर्जा प्रोटॉनकडे जाते. बारावीचा विद्यार्थी खेड्यातला असो वा मुंबईचा, नेमकी चूक इथेच होते: सगळी स्थितिज ऊर्जा प्रत्येक कणाच्या नावे मांडली जाते. ती ऊर्जा एकट्या कणाची नसून जोडीची असते. तीन कण असतील तर जोड्या तीन, आणि प्रत्येक जोडी एकदाच मोजायची.

प्रतिकर्षणातून मिळणाऱ्या अशा ऊर्जेचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण तारापूरला आहे. तिथले देशातले पहिले अणुऊर्जा केंद्र 1969 पासून वीज देऊ लागले. न्यूट्रॉन शिरल्यावर युरेनियम-235 चे केंद्रक फुटते. त्याचे तुकडे अनेक प्रकारे पडू शकतात. बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि तीन न्यूट्रॉन ही त्यांतली एक तऱ्हा. बेरियमचा प्रभार 56 आणि क्रिप्टॉनचा 36. दोघांची केंद्रे 17 फेम्टोमीटरवर असताना सुटली असे धरले, तर स्थितिज ऊर्जा सुमारे 170 एमईव्ही भरते. एका विखंडनातून एकूण साधारण 200 एमईव्ही ऊर्जा निघते आणि तुकड्यांची गतिज ऊर्जा खरोखरच 170 च्या आसपास असते. अणुभट्टीतली बहुतांश उष्णता अशी विद्युत प्रतिकर्षणातून येते, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

गोल केंद्रके नुसती एकमेकांना टेकलेली असती, तर त्यांच्या केंद्रांतले अंतर 12 फेम्टोमीटरच्या जवळपास भरले असते. हिशेबात 17 धरले, कारण तुटण्याच्या क्षणी केंद्रक लांबट ताणलेले असते. संवेगाच्या नियमाने हलक्या क्रिप्टॉनला सुमारे 103 आणि बेरियमला 67 एमईव्ही मिळतात. क्रिप्टॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या 5 टक्क्यांच्या घरात जातो. तरीही हे तुकडे इंधनात मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतके अंतर कापून थांबतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होते. 1938 च्या डिसेंबरमध्ये लीझ माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये तुकड्यांच्या प्रतिकर्षणाचा हाच विचार करून 200 एमईव्हीचा अंदाज बांधला होता. वस्तुमानातील घटीवरून येणारा आकडाही तेवढाच निघाला.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असलेला पेलेट्रॉन त्वरक हेच प्रतिकर्षण कामाला लावतो. त्याचे टर्मिनल 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत नेता येते. ऋण आयन त्याकडे ओढले जातात, तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावून धन होतात आणि मग टर्मिनलच त्यांना दूर लोटते. कार्बनचे सहाही इलेक्ट्रॉन निघाले तर येताना 14 आणि जाताना 84, अशी 98 एमईव्ही ऊर्जा मिळते. सोन्यावर आदळताना सोन्याचे केंद्रकही थोडे मागे सरकते, म्हणून टकरीला 92 एमईव्ही उरते. त्यावरून थांबण्याचे अंतर 7.4 फेम्टोमीटर निघते. पण दोन्ही केंद्रके त्याआधीच, 10 फेम्टोमीटरच्या सुमारास, एकमेकांना भिडलेली असतात. तिथून पुढे केंद्रकीय बल सुरू होते आणि निव्वळ विद्युत प्रभारांचे सूत्र लागू राहत नाही. म्हणून असे गणित सोडवल्यावर आलेले अंतर दोन्ही केंद्रकांच्या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा मोठे आहे ना, हे तपासावे आणि मगच उत्तर खरे मानावे.